स्टीअरिंगच्या दांड्यावर चंदन

सहाणेवर चंदन उगाळायला बसले की माझा हात अजून मध्येच थबकतो. नवरात्र आलं आहे. पुढच्या खोलीत कोलूच्या पायऱ्या लागल्या आहेत, त्यांवर बाहुल्या मांडून झाल्या आहेत, आणि स्वयंपाकघरातून सुंडलच्या हरभऱ्यांना दिलेल्या फोडणीचा नि ओल्या नारळाचा वास येतो आहे. आभाळ भरून येतं, पण पडत नाही. महाराष्ट्रातून पाऊस बाडबिस्तरा आवरून निघतो, तेव्हा आमच्या तंजावुरात तो मुक्कामाला यायची तयारी करत असतो. हे दिवस मला लहानपणापासून आवडतात. फक्त चंदन उगाळताना तीन वर्षांपूर्वीचं नवरात्र आठवतं आणि कानाच्या पाळ्या गरम होतात.

त्या वर्षी मी नुकतीच इकडे परतले होते. सव्वीस वर्षं पुण्यातल्या एका शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाले आणि अण्णांकडे राहायला आले. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. रेल्वेच्या कारखान्यात फोरमन होते. वहिनी गेल्यापासून एकटेच राहत होते. मराठी राजांच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं पिढीजात घर, घराला लागून पत्र्याची शेड आणि शेडमध्ये ती गाडी. लांब नाकाची, दोन दारांची, आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी. तिकडे असल्या गाड्यांना मसल कार म्हणतात. भातशेतीचा सल्लागार म्हणून आलेल्या कुणा अमेरिकन साहेबाने मायदेशी परतताना ती आमच्या बाबांना विकली. बाबांची भाताची गिरणी होती. तांदळाच्या पोत्यांच्या गावात ही गाडी म्हणजे म्हशींच्या गोठ्यात बांधलेला घोडा. स्टीअरिंग डावीकडे. समोरून येणारा बसवाला सवयीने उजवीकडे चालक शोधायचा आणि तिथे मला, आठ वर्षांच्या पोरीला, ऐटीत बसलेली पाहून कचकन ब्रेक दाबायचा. बाबांना त्याची फार गंमत वाटे.

बाबा गेल्यावर गाडी वीस-बावीस वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिली. निवृत्तीनंतर अण्णांनी तिला हात घातला. गल्लीच्या तोंडाशी सेल्वम नावाचा मेकॅनिक आहे. त्याच्या मदतीने इंजिन उतरलं, चढलं, ब्रेक झाले, वायरिंग झालं. मी आले तेव्हा गाडी सुरू होत होती, पत्रे थरथरतील असा आवाज करत होती, पण शेडच्या बाहेर येऊ शकत नव्हती. घोडं पेंड खात होतं ते स्टीअरिंगपाशी. चाक चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे फिरवलं तरी पुढची चाकं हूं की चूं करत नव्हती. दांड्याची बेअरिंगं झिजलेली, आतला शाफ्ट गंजलेला, इंडिकेटरचं प्लॅस्टिक बिस्किटासारखं मोडलेलं. सेल्वम म्हणे, हत्ती गेला सार, शेपूटच राहिलंय, माझ्याकडे द्या, आठ दिवसांत करतो.

अण्णा देत नव्हते. कारण त्याच उन्हाळ्यात डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, की उजव्या हाताचा अंगठा आणि बोट जी आपोआप गोळी वळल्यासारखी हलतात, तो कंपवात आहे. औषधांनी धरून ठेवू, पण तो वाढत जाणार. दवाखान्यातून अण्णा घरी आले, शेडमध्ये गेले, गाडीत बसले आणि बराच वेळ ते ढिलं चाक इकडून तिकडे फिरवत राहिले. मी कॉफी घेऊन गेले तर म्हणाले, "रुक्मे, हें स्टीअरिंग मी बसवीन. माझ्या हातांनीं. दुसऱ्या कुणी नट लावायचा नाहीं. मग हात जायचे तर जाऊं देत."

गाडी आज चालते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला राहायला नको. प्रश्न गाडीचा नव्हताच. सेल्वमच्या हातांनी ती आठ दिवसांत चालली असती. अण्णांच्या हातांनी ती चालणार का, एवढंच त्या मोसमात आमच्या घरात महत्त्वाचं होतं. बाकी सगळं, कावेरीला किती पाणी आलं, कालव्याच्या कडेला भाताची रोपं कशी उठली, शेजारच्या नातीचं लग्न कुठे ठरलं, हे त्या एका गोष्टीच्या भोवतीने होत राहिलं.

चाक काढायच्या दिवशीच पहिली ठिणगी पडली. सेल्वम हौसेने हातोडा आणि लाकडाचा ठोकळा घेऊन आला. चाकाच्या मधला मोठा नट काढून झाला होता, पण चाक शाफ्टला धरून बसलेलं. सेल्वमने ठोकळा शाफ्टच्या टोकावर टेकवला आणि हातोडा उचलला. "दोन ठोके सार. लॉरीचं असंच काढतो."

अण्णा इतके जोरात ओरडले, की कौलावरची कबुतरं उडाली. एरवी ते आवाज चढवणारे नव्हेत. मग त्यांनी सेल्वमला आणि मला दोघांना समोर बसवून समजावलं. टक्कर झाली तर दांडा चालकाच्या छातीत घुसू नये म्हणून या गाडीचा शाफ्ट मिटणारा केलेला आहे. दोन नळ्या एकीत एक, आणि त्यांना प्लॅस्टिकच्या बारीक खिळ्यांनी धरून ठेवलेलं. वरून हातोडा बसला की आतले खिळे तुटतात, बाहेरून काही दिसत नाही आणि दांडा कायमचा ढिला होतो. सेल्वमने हातोडा गुपचूप पिशवीत घातला. नंतर कामाक्षी अम्मनच्या देवळाजवळच्या लेथवाल्याकडून अण्णांनी लोखंडाची पट्टी, दोन बोल्ट आणि मधे एक जाड स्क्रू असं ओढायचं हत्यार करून घेतलं. मधला स्क्रू ते पाव पाव फेरा फिरवत गेले आणि चाक एका क्षणी ढेकर दिल्यासारखा आवाज करून हातात आलं. अण्णांनी ते छातीशी धरलं. त्यांचा हात थरथरत होता, पण तो आनंदाने की दुखण्याने हे मला ओळखता आलं नाही.

हळूहळू त्या थरथरण्याचं वेळापत्रक मला पाठ झालं. सकाळची गोळी घेतली की पाऊण तासाने हात निवायचे. मग दोन तास बरे जायचे. त्यानंतर पुन्हा बोटं आपल्या मर्जीने चालायला लागायची. अण्णा ते दोन तास एखाद्या कंजुषासारखे वापरत. त्या वेळात वर्तमानपत्र नाही, फोन नाही, बंगळूरहून मुलाचा आला तरी नाही. दाढीसुद्धा नाही, ती नंतर, हात हलत असताना, आणि त्यामुळे हनुवटीवर रोज एखादा कापसाचा बोळा असायचा. "दाढी वांकडी झाली तर झाली," म्हणायचे. "बेअरिंग वांकडें झालें तर?"

मला मदत करायची फार हौस. हौस कसली, खोडच. मी गणिताची मास्तरीण. समोर कुणी उदाहरणात अडकलं की खडू हातात घेऊन पुढची पायरी मांडल्याशिवाय मला राहवत नाही. एकदा एक बारीक स्प्रिंग त्यांच्या चिमटीतून तीनदा निसटली. चौथ्यांदा ती उडायच्या आत मी पुढे होऊन ती बसवली. अण्णांनी ती काढली, ताटलीत ठेवली आणि पुन्हा स्वतः बसवायला घेतली. चोवीस मिनिटं लागली. मी मोजली. झाल्यावर म्हणाले, "तूं बसवलीस तर ती तुझी स्प्रिंग झाली नव्हे? मला माझी पाहिजे." सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही, असं मी मनात म्हटलं आणि तणतणत स्वयंपाकघरात गेले. तेव्हा मला राग आला होता, हे खरं.

नवरात्र येईपर्यंत सगळे भाग सुटे होऊन स्वच्छ झाले होते. शाफ्टवरचा गंज अण्णांनी तीन आठवडे घासून काढला होता. जिथे बेअरिंग बसतं त्या जागा त्यांनी आरशासारख्या केल्या होत्या. सगळ्या भागांना तेल लावून, जुन्या वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, फडक्यांत गुंडाळून फळीवर ओळीने ठेवले होते. आयुधपूजा झाली की विजयादशमीला जोडणी सुरू करायची, असा बेत.

आयुधपूजा म्हणजे तुमच्याकडची खंडेनवमी, पण इकडे तिचा थाट मोठा. लॉऱ्या, रिक्षा, सायकली धुऊन त्यांना केळीचे खांब बांधतात. लोहाराचा घण, शिंप्याचं यंत्र, नारळ सोलायची कोयती, पोरांची पुस्तकं, सगळं देवापुढे. त्या दिवशी कुणी कापत नाही, शिवत नाही, वाचत नाही. आमच्या घरी बाबांचा त्याहून कडक नेम होता. हत्याराला एकदा चंदन लागलं, की दुसऱ्या दिवशीची आरती होईपर्यंत ते जागचं हलवायचं नाही. वर्षभर आपण त्यांना राबवतो, एक दिवस त्यांचा, असं बाबा म्हणायचे. गिरणीचा मोठा पट्टासुद्धा त्या दिवशी उतरवून ठेवत.

सव्वीस वर्षांनी घरची आयुधपूजा माझ्या हाती आली होती. अण्णा आंघोळीला गेले. त्यांची आंघोळ, मग वेष्टी नेसणं, मग सदऱ्याची बटणं, म्हणजे तास तरी जायचा. मी म्हटलं, तोवर सगळं असं मांडून ठेवू की बघत राहतील. फळीवरून गुंडाळ्या काढल्या. फडकी उलगडली तर सगळे भाग तेलाने बरबटलेले. असलं पारोसं, तेलकट सामान देवापुढे ठेवायचं? माझ्यातली सुगरण जागी झाली. घंगाळात गरम पाणी घेतलं, त्यात शिकेकाई कालवली आणि एकेक भाग नारळाच्या शेंडीने खसखसून धुतला. तेलाचा थेंब राहू दिला नाही. पंच्याने पुसले. मोठ्या केळीच्या पानावर ओळीने मांडले, मधे शाफ्ट, बाजूला बेअरिंगच्या कड्या, लिव्हर, नट, वायसर. ताजं चंदन उगाळलं, जरा पातळच, आणि प्रत्येकावर बोटाने टिळे लावले, टिळ्यांवर कुंकू. शाफ्ट लांब म्हणून त्याला सात टिळे. बारीकशी झडही सुरू झाली होती आणि हवा दमट, कोंदट. मला ते सगळं इतकं सुंदर दिसत होतं की मी फोनवर फोटो काढून पुण्याच्या मैत्रिणींना पाठवले.

अण्णा आले. पानाकडे बघून दारातच थांबले. क्षणभर त्यांचा हात पुढे झाला आणि तसाच मागे गेला. मग म्हणाले, "छान मांडलेंस गे," आणि पाटावर बसले. पूजा केली, कापूर लावला, नारळ वाढवला. दिवसभर ते पुढच्या खोलीतल्या आरामखुर्चीत बसून होते. मध्येमध्ये पानाकडे बघायचे. मला वाटलं, भक्तिभावाने बघताहेत.

दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर मी चंदन पुसायला ओलं फडकं घेतलं. टिळा पुसला, पण टिळ्याची जागा पुसली जाईना. प्रत्येक टिळ्याखाली तांबूस-तपकिरी कडी उठली होती. जिथे बेअरिंग बसायचं त्या आरशासारख्या जागेवर तीन. बेअरिंगच्या कड्यांच्या आत दोन. नख लावलं तर खरखर लागत होतं. तेल काढून टाकलेलं उघडं लोखंड, वर ओलं चंदन आणि अख्खा दिवस दमट हवा. सातवीतल्या मुलीनेही सांगितलं असतं काय होणार ते. करायला गेले गणपती अन् झाला मारुती.

मला रडू येण्याआधी राग येतो. मी अण्णांवरच उखडले. "तुम्हाला काल दिसलं होतं ना? मग बोलला का नाहीत? उचलायचं, पुसायचं, तेल लावायचं! दोन मिनिटांचं काम होतं!"

"चंदन लागलें होतें," अण्णा म्हणाले.

"लागलं होतं तर काय झालं? देव रागावला असता?"

अण्णा शाफ्टवरून अंगठा फिरवत होते, अंगठा आपल्या तालात हलत होता. मग म्हणाले, "रुक्मे, मी त्याच्याकडे दिवस मागतों. रोज मागतों. गोळी गिळतांना मागतों. त्याला दिलेला एक दिवस मोडला, तर उरलेले कोणत्या तोंडानें मागूं?"

 मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि मग मात्र पुष्कळ रडले. माझ्या स्वच्छतेपायी मी त्यांचे तीन आठवडे बुडवले होते, आणि त्यांच्याकडे आठवडे मोजकेच होते.

बाहेर आले ती पदर खोचूनच. "हे मी घासणार," मी म्हटलं. "जोडणी तुमची. पण हा गंज माझा आहे. माझी स्प्रिंग तुम्ही ठेवून घेतली नाहीत, आता माझा गंजही घेऊ नका."

अण्णा प्रथमच हसले. म्हणाले, "सरी." म्हणजे बरं.

मग ऐप्पसीचा, म्हणजे तुमच्याकडच्या आश्विन-कार्तिकातला, पाऊस लागला. रस्त्यावर गुडघाभर पाणी, पत्र्यावर दिवसभर एकसुरी आवाज, भिंतींना ओल, वाळत घातलेल्या साड्यांना कुबट वास. शेतांत मात्र सांबा भाताने हिरवा रंग धरलेला. त्या तेरा दिवसांत मी शेडच्या दारात पाट टाकून घासत बसले. एमरी पेपरचे नंबर मला आवडले. आकडा जितका मोठा, कागद तितका मऊ. आधी दोनशेवीस, मग चारशे, मग आठशे, मग त्याहून वरचा, तेलात भिजवून. आडवं घासायचं नाही, शाफ्टच्या भोवतीने बुटाची नाडी ओढल्यासारखी पट्टी फिरवायची, हे अण्णांनी शिकवलं. माझ्या नखांत काळं गेलं ते गेलंच. पुण्याची एक मैत्रीण व्हिडिओ कॉलवर माझे हात बघून म्हणाली, अगं, तुला काय झालंय? मी म्हटलं, मी शिकतेय.

जागा गुळगुळीत झाली की नाही हे अण्णा नखाने बघायचे. पण नख स्थिर राहीना. मग ते माझ्याकडे वळले. "तुझें नख फिरव. अडलें तर सांग." मी डोळे मिटून नख फिरवायचे. अडायचं. "अडतंय." पुन्हा घासायचं. "अजून जरासं." पुन्हा. मी आयुष्यभर मुलींच्या वह्यांतल्या चुका शोधल्या. स्वतःच्या चुकीवरून असं रोज नख फिरवायची वेळ पहिल्यांदाच आली होती. तेराव्या दिवशी नख कुठेच अडलं नाही. अण्णांनी शाफ्ट उजेडात धरला, भुवया उंचावल्या आणि त्याला तेल लावून माझ्या मांडीवर ठेवला, जसं बाळ ठेवतात.

सेल्वम मध्येमध्ये छत्री घेऊन डोकावून जायचा. दांड्याच्या खालच्या टोकाला, जिथे तो गिअरच्या पेटीला मिळतो, तिथे रबर आणि कापडाची एक जाड चकती असते. ती पार फाटली होती. सेल्वम म्हणे, तुमच्या बाबांच्या गिरणीचा जुना पट्टा माळ्यावर आहे, त्यातून कापून देतो, शंभर वर्षं टिकेल. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, बाबांचा पट्टा, बाबांची गाडी. अण्णांनी भावनेला जागाच दिली नाही. "पट्टा तांदूळ ओढायला होता. ह्या चकतीवर माणसाचा जीव असतो." मुलाच्या मित्राकरवी अमेरिकेहून नवी चकती मागवली, आणि ती येईपर्यंत रोज सकाळच्या दोन तासांत वरचे भाग जोडत राहिले. बेअरिंगच्या कडीत घट्ट ग्रीस भरायचं आणि त्यात एकेक छर्रा टेकवायचा. ग्रीस त्याला धरून ठेवतं. "पाहिलेंस?" एकदा म्हणाले. "हात धरत नाहीं, तर ग्रीस धरतें." ज्या दिवशी छर्रे पूर्ण बसले, त्या दिवशी त्यांनी दुपारी दोनदा शेवयांचं पायसम मागून घेतलं.

आता त्यांना चमचा धरता येत नाही. ताकभात मी भरवते. सदऱ्याची बटणं मी लावते, दाढी गल्लीतला न्हावी घरी येऊन करतो आणि हनुवटीवर कापूस नसतो. बोलणंही हळू झालं आहे. वाक्य सुरू झालं की मला त्याच्या शेवटापर्यंत थांबावं लागतं, आणि मी थांबते. आमच्या बायकी अधीरपणाला ही मोठी शिक्षा आहे, असं ते चिडवतात, तेही हळूहळू. रविवारी आम्ही गाडी काढून तिरुवैयारूला जातो. मी चालवते. वाटेत एकामागून एक नद्यांचे पूल लागतात, शेवटी कावेरी. दोन्ही बाजूंना भातं, नारळी, सायकलवरून गवताचे भारे नेणाऱ्या बाया. अण्णा उजवीकडे बसतात. समोरच्या बसवाल्यांना वाटतं हा म्हातारा स्टीअरिंगशिवाय गाडी हाकतोय. ते हॉर्न वाजवतात आणि अण्णा त्यांना गंभीरपणे नमस्कार करतात. चाक माझ्या हातांत असतं आणि ते बोटभरसुद्धा ढिलं नाही. वळणावर ते आपसूक परत सरळ येतं. हे कुणी केलं, हे त्या चाकाला ठाऊक नाही. मला आहे.

कारण शेवटच्या दिवशी मी तिथे होते.

पावसाने जरा उसंत घेतली होती. दांडा जागेवर बसला होता, खालची चकती लागली होती, वर चाक ठेवून खुणेला खूण जुळवली होती. राहिला होता फक्त मधला नट. पण त्या दिवशी गोळी लागूच पडली नाही. असं कधीकधी होतं, का ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत. पाऊण तास झाला, तास झाला, दीड तास झाला. हात निवेना. उलट बोटांपासून सुरू झालेली थरथर कोपरापर्यंत चढली.

"अण्णा, उद्या करू," मी म्हटलं.

"आज."

"आटे फार बारीक आहेत. नट वाकडा बसला तर शाफ्टचे आटे जातील. सगळं पुन्हा काढावं लागेल."

"ठाऊक आहे गे. म्हणूनच आज. उद्यांचे हात ह्याहून बरे असतील, हें कुणीं सांगितलें?"

मी शेजारच्या सीटवर बसले. अण्णांनी नट चिमटीत धरला आणि शाफ्टच्या तोंडाशी नेला. तो टोकावर टकटक टकटक आपटायला लागला. बसेना. पडला. मांडीवरून उचलला. पुन्हा टकटक. पडला. त्यांच्या कपाळावरून घाम उतरत होता, आणि माझे हात आपोआप पुढे जायला बघत होते. दोन सेकंदांचं काम होतं. माझी नखं आता पक्की होती, बोटं स्थिर होती. एकदा तर मी अर्ध्यापर्यंत गेलेही. मग मी दोन्ही तळहात मांड्यांखाली घातले आणि त्यांवर बसले. आयुष्यात मी इतका जोर कशालाच लावला नसेल. नट पडत होता आणि अण्णा उचलत होते. किती वेळा, ते त्या दिवशी मी मोजलं नाही.

मग अण्णा थांबले. डोळे मिटले. डावा हात चाकावर टेकवला, उजव्या हाताचं मनगट त्या डाव्या हातावर रेलून ठेवलं आणि नट शाफ्टवर नुसता टेकवला. आणि उलटा फिरवायला लागले. बसवायच्या दिशेने नव्हे, उलटा. हे मला त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. थरथरत, अडखळत, नट मागे मागे सरकत गेला, आणि आतून एक बारीक 'टक्' आला. आट्याचं तोंड सापडलं होतं. अण्णांनी श्वास रोखला आणि नट सुलटा फिरवला. पाव फेरा. अर्धा. त्याने धरलं. एक फेरा. दोन. तीन. तिसऱ्या फेऱ्यानंतर त्यांनी बोटं सोडली, हात मांडीवर टाकला, आणि तो मनसोक्त हलत राहिला. आता त्याला कुणी अडवत नव्हतं.

 मग त्यांनी डॅशवरचा मोठा पाना माझ्यापुढे सरकवला.

"घे," म्हणाले. "घट्ट तूं कर. तेवढा जोर आतां माझ्याकडे नाहीं."

त्या सगळ्या महिन्यांत जोडणीसाठी अण्णांनी माझ्याकडे आपणहून काही मागितल्याचं ते पहिलंच. मी मांड्यांखालून हात काढले. ते बधिर झाले होते, झिणझिण्या येत होत्या आणि थरथरत होते. अण्णा माझ्या थरथरणाऱ्या हातांकडे बघून हसायला लागले, मीही हसायला लागले, आणि तशाच, दोन्ही हातांनी, मी पाना धरला आणि सगळा जोर लावला.